समांतरतेची कसोटी

शाळेंत भूमितीचा अभ्यास केलेल्या बहुतेक गृहस्थांस त्या शास्त्रांतील सिद्धांतांचा पुढें विसर पडतो, आणि जे थोडे स्मरणांत राहतात त्यांचा संसारांत कांहीं उपयोग असेल असें कोणास वाटत नाहीं. तथापि दोन समांतर रेषांना तिसरी रेषा छेदून गेली असतां जे आठ कोन होतात, त्यांचें प्रकरण सहसा कोणी विसरत नाहीं. कागदावर दोन सरळ रेघा, त्यांस तिरकी छेदून जाणारी एक छेदिका, आणि आठ कोपऱ्यांत मिळून मापें मात्र दोनच, हा प्रकार लहान मुलासही गमतीचा वाटतो. संगत कोन समान, व्युत्क्रम कोन समान, आणि छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोन, हें पाठ म्हणणाऱ्या मुलास असें कोणी सांगत नाहीं कीं, माणसांनीं एकमेकांशीं कसें वागावें या प्रश्नाचा बराच मोठा भाग ह्या तीन वाक्यांत सांठविलेला आहे. तो भाग उकलून दाखवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आणि त्यासाठीं आम्ही जें उदाहरण घेणार आहों तें पुस्तकांतलें नसून ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी शहराचें आहे.

भिवंडीची निवड आम्हीं उगीच केलेली नाहीं. कामवारी नदीच्या कांठचें हें जुनें गांव आज यंत्रमागांचें शहर म्हणून सर्व देशास ठाऊक आहे. येथें फार पूर्वींपासून वस्ती करून असलेले कोंकणी मुसलमान आहेत, आगरी व कोळी आहेत, इतर हिंदु जातींचीं घरें आहेत. उत्तरेकडून आलेले मोमिन विणकर आहेत आणि तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकरही आहेत. मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगु या चारही भाषा ह्या एकाच गांवांत कानीं पडतात. या लोकांच्या चालीरीति, सणवार, सोयरिकी व जेवणाच्या पंक्ति बहुतांशीं निरनिराळ्या आहेत. एकाच गांवांत, एकाच धंद्यावर, एकमेकांच्या शेजारीं ते पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. पण त्यांचें हें चालणें शेजारचें आहे, एकत्र नाहीं. समांतर हा शब्द माणसांस लावावयाचा असेल, तर त्यास याहून योग्य स्थळ शोधण्यास दूर जावें लागणार नाहीं.

अशा वस्तीविषयीं बोलतांना दोन प्रकारचे उद्गार नेहमीं ऐकूं येतात. एक पक्ष खेदानें म्हणतो कीं, हे समाज म्हणजे आगगाडीचे दोन रूळ. ते कधींही एक व्हावयाचे नाहींत. दुसरा पक्ष आशेनें म्हणतो कीं, दूर क्षितिजाकडे पाहा, तेथें रूळ मिळतातच. काळाच्या ओघांत सर्व भेद मावळतील. दोघांचीही नजर क्षितिजावर आहे, आणि दोघांचीही फसगत तेथेंच होते. वसईहून दिव्याकडे जाणारा लोहमार्ग भिवंडी रोड स्थानकावरून जातो. त्या फलाटावर उभें राहून पाहिलें तर रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात खरे. पण तो डोळ्यांचा धर्म आहे, रुळांचा नव्हे. खरोखरच ते मिळाले असते तर त्यांवरून गाडी गेली नसती. न मिळणें हाच रुळांचा गुण आहे. खेद करणारानें ह्या गुणास दोष समजण्याचें कारण नाहीं, आणि आशा करणारानें दृष्टिभ्रमावर विसंबण्याचेंही कारण नाहीं. दोन माणसें एकमेकांत विरघळून गेल्यावांचून बरोबरीचीं होऊं शकत नाहींत, ही कल्पना मुळांतच चुकीची आहे. बरोबरी ही एकरूपतेहून निराळी वस्तु आहे. ती ओळखावयाची कशी, एवढाच काय तो प्रश्न.

ह्या प्रश्नास भूमितीनें दिलेलें उत्तर लक्षांत घेण्याजोगें आहे. समांतर रेषांची युक्लिडनें केलेली व्याख्या अशी कीं, एकाच प्रतलांतील ज्या दोन सरळ रेषा दोन्ही बाजूंस कितीही वाढविल्या तरी एकमेकींस मिळत नाहींत, त्या समांतर. व्याख्या निर्दोष आहे; पण केवळ तिच्याच आधारें कसोटी घेऊं म्हणणारा मनुष्य जन्मभर चालत राहील. अनंतापर्यंत जाऊन परत येणारा साक्षीदार कोठून आणावयाचा? म्हणून युक्लिडनें आपल्या पहिल्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या सिद्धांतांत एक सोपा मार्ग सांगितला. दोन्ही रेषांना छेदणारी तिसरी रेषा काढा. तिच्या योगानें होणारे व्युत्क्रम कोन मोजा. ते समान असतील तर त्या रेषा समांतर आहेत. अनंताचा निवाडा हाताशीं असलेल्या दोन कोपऱ्यांत झाला. येथें ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, दोन रेषांकडेच कितीही टक लावून पाहत बसलें तरी त्यांचें नातें त्यांतून सिद्ध होत नाहीं. त्या दोहोंहून निराळी, पण त्या दोहोंस भेटणारी अशी तिसरी रेषा त्यासाठीं लागते.

समाजांत ही तिसरी रेषा कोणती? आमच्या मतें, निरनिराळ्या लोकांच्या आयुष्यांतून आरपार जाणारी जी जी समाईक व्यवस्था, ती ती छेदिका होय. पोलिसांचें ठाणें, न्यायाधीशाचें आसन, रुग्णालयांतील खाट, शिधावाटपाचें दुकान, नगरपालिकेचा नळ, परीक्षकाची लेखणी, भाड्यानें खोली देणाऱ्या मालकाचा होकार किंवा नकार, ह्या सर्व छेदिका आहेत. दोन माणसें निरनिराळ्या दिशेस तोंड करून प्रार्थना करीत असतील. पण फिर्याद नोंदविण्यासाठीं दोघेही एकाच मेजासमोर उभे राहतात. त्या मेजाशीं एकास बसावयास खुर्ची मिळते कीं नाहीं आणि दुसऱ्यास मिळते कीं नाहीं, एकाची तक्रार कागदावर उतरते कीं नाहीं आणि दुसऱ्याची उतरते कीं नाहीं, हे ते दोन कोन. बंधुभावाचीं व्याख्यानें व ऐक्याच्या प्रतिज्ञा ह्या रेषा क्षितिजाकडे वाढवून पाहण्याच्या खटपटी आहेत. बरोबरी आहे किंवा नाहीं, हें त्या मेजाशीं दोन मिनिटांत कळतें.

भिवंडींतील मागावर ही गोष्ट डोळ्यांनीं पाहतां येते. ताण्याचे शेंकडों धागे बीमवरून सुटून फणीच्या दांत्यांतून शेजारीं शेजारीं येतात. त्यांपैकीं एकही दुसऱ्यास शिवत नाहीं. धोट्याबरोबर येणारा बाण्याचा धागा त्या सर्वांस ओलांडून जातो. तो प्रत्येक धाग्यास निराळ्या जागीं भेटतो, परंतु कोन एकच राखतो. क्वचित् बाणा तिरपा पडला, तरी तो सर्वांसच सारखा तिरपा पडतो. कांहीं धाग्यांस सरळ आणि कांहींस वांकडा असा पडूं लागला तर तें कापड चोखंदळ गिऱ्हाईक परत करील. आणखीही एक गोष्ट विणकरास ठाऊक असते, जी भूमितीच्या पुस्तकांत नाहीं. ताण्याचे धागे आपोआप समांतर राहत नाहींत. बीमचा ताण व फणीचा दांता त्यांस तसे ठेवतात. ताण सैल पडला कीं धागा लोंबतो, शेजाऱ्यांत गुंततो आणि तुटतो. समांतरता ही येथें स्थिति नसून सतत चाललेला उद्योग आहे. या गोष्टीचा पुढें उपयोग व्हावयाचा असल्यामुळें वाचकांनीं ती स्मरणांत ठेवावी.

कोन मोजतांना होणारी एक चूक येथेंच सांगितली पाहिजे. कारण अर्धे तंटे त्या चुकींतून उद्भवतात. छेदिका तिरपी असली म्हणजे प्रत्येक रेषेपाशीं लघुकोनही होतो आणि विशालकोनही होतो. आतां एका रेषेनें आपला लघुकोन घेऊन दुसरीच्या विशालकोनाशीं ताडून पाहिला, तर दोन्ही रेषा तंतोतंत समांतर असूनही तिला आपणावर अन्याय झाला असें वाटेल. आणि मौज ही कीं, दुसरीलाही हेंच गाऱ्हाणें तितक्याच प्रामाणिकपणें करतां येईल. संगत कोन संगत कोनाशीं ताडावयाचा असतो. आमच्या मिरवणुकीस वेळेचें बंधन कां, असें एक पक्ष विचारतो, आणि दाखला म्हणून दुसऱ्यास मिळालेल्या एखाद्या निराळ्याच सवलतीचा उल्लेख करतो. दुसरा पक्ष आपल्या वस्तींतील झडतीची तुलना पहिल्याच्या सणाच्या थाटाशीं करतो. दोघेही आपली जखम दुसऱ्याच्या अलंकाराशीं मोजून पाहतात. मिरवणुकीशीं मिरवणूक, झडतीशीं झडती, फिर्यादीशीं फिर्याद ताडून पाहिली तर कित्येक गाऱ्हाणीं विरतील. सर्वच विरतील असें आम्ही म्हणत नाहीं. जीं उरतील तीं खरीं, आणि तींच उपायास पात्र आहेत.

येथपर्यंतचा विचार बऱ्याच लोकांस मान्य होईल. यापुढील पायरी अवघड आहे, आणि आमच्या मतें सर्व विषयाचें मर्म तेथेंच आहे. कोन समान असतील तर रेषा समांतर, हा सिद्धांत युक्लिडनें सिद्ध केला व तो निःशंक सिद्ध होतो. याचा व्यत्यास असा कीं, रेषा समांतर असतील तर कोन समान. मुलांस दोन्ही वाक्यें एकाच मोलाचीं वाटतात. पण तीं तशीं नाहींत. हा व्यत्यास एकोणतिसाव्या सिद्धांतांत येतो, आणि तो सिद्ध करण्यासाठीं युक्लिडला प्रथमच आपल्या पांचव्या गृहीतकाचा आधार घ्यावा लागला. तें गृहीतक असें: एक रेषा दोन रेषांना छेदीत असतां एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी भरली, तर त्या दोन रेषा वाढविल्यावर त्याच बाजूस मिळतात. हें वाक्य इतर गृहीतकांइतकें स्वयंस्पष्ट नाहीं, हें पुढील पंडितांच्या लक्षांत आलें, आणि तें इतरांवरून सिद्ध करून दाखविण्याचा उद्योग दोन हजार वर्षें चालला.

ह्या उद्योगाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. इराणांतील उमर खय्याम, जो आपल्याकडे केवळ कवि म्हणून प्रसिद्ध आहे, त्यानें अकराव्या शतकांत ह्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. तेराव्या शतकांत नासिरुद्दीन तूसीनें त्याची चर्चा केली. तूसीच्या अरबी युक्लिडवरून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरच्या जगन्नाथ पंडितानें ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तो मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेंत छापून निघाला. ग्रीक, अरबी, संस्कृत असा प्रवास करून आलेलें हें शास्त्र आज भिवंडीच्या मराठी शाळेंत ‘समांतर’ या शब्दानें व उर्दू शाळेंत ‘मुतवाज़ी’ या शब्दानें शिकविलें जातें; आकृति मात्र एकच असते. इकडे युरोपांत साक्केरी नांवाच्या इटालियन पाद्र्यानें १७३३ सालीं, हें गृहीतक खोटें मानल्यास विसंगति निघते असें दाखविण्यासाठीं सर्व बुद्धि खर्च केली. पण खरी विसंगति त्यास सांपडली नाहीं. रशियांत लोबाचेव्हस्कीनें १८२९ पासून आणि हंगेरींत बोल्याईनें १८३२ मध्यें, तें गृहीतक सोडूनही एक सुसंगत भूमिति उभी राहते असें प्रसिद्ध केलें. १८६८ मध्यें बेल्त्रामीनें नव्या भूमितीची प्रतिकृति जुन्या भूमितींतच उभी करून दाखविली, आणि पांचवें गृहीतक इतरांवरून सिद्ध होणें शक्य नाहीं ही गोष्ट पक्की झाली. तें स्वीकारावयाचें किंवा सोडावयाचें. सिद्ध करावयाचें नाहीं.

नीतीच्या प्रांतांत ह्याचा अर्थ काय होतो तें पाहूं. समान वागणूक पाहून, हीं माणसें बरोबरीचीं धरलीं आहेत असा निष्कर्ष काढतां येतो. पण माणसें बरोबरीचीं आहेत एवढें म्हटल्यानें त्यांस समान वागणूक मिळेलच असें मात्र निघत नाहीं. त्यासाठीं एक निराळें गृहीतक मनुष्यानें आपण होऊन स्वीकारावें लागतें. सर्व माणसें ईश्वराचीं लेंकरें आहेत असें मानणारा मनुष्य त्याच दिवशीं आपल्या विहिरीवर कोणास पाणी भरूं देत नाहीं, आणि त्याच्या विचारांत तर्काची चूक काढतां येत नाहीं. कारण एका वाक्यावरून दुसरें निघावयास जो दुवा लागतो तो त्यानें घेतलेलाच नसतो. विषमतेची समाजरचनाही सुसंगत असूं शकते. आपल्या जातिव्यवस्थेचें कोष्टक शेंकडों वर्षें टिकलें, तें त्यांत तर्काचे दोष होते म्हणून नव्हे. एका गृहीतकाच्या जागीं तिनें दुसरें घातलें होतें आणि पुढील सर्व बांधकाम त्यावर व्यवस्थित केलें होतें. अशा रचनेस केवळ तर्कानें पाडूं म्हणणारा साक्केरीप्रमाणेंच थकून जाईल.

ही गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जितकी स्वच्छ ओळखली तितकी फार थोड्यांनीं ओळखली असेल. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठीं तयार केलेलें आणि मंडळानें परिषद रद्द केल्यामुळें न झालेलें त्यांचें भाषण १९३६ सालीं पुस्तकरूपानें निघालें. त्यांत त्यांनीं, माणसें जन्मतः सारखीं नसतात हा आक्षेप नाकारला नाहीं. समता ही एक कल्पित वस्तु असेलही, तरी राज्य करणारें तत्त्व म्हणून तिचा स्वीकार करावाच लागतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हें गृहीतकाचेंच लक्षण आहे. पुढें २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदांत कायद्यापुढील समानता व कायद्याचें समान संरक्षण राज्य कोणासही नाकारणार नाहीं, असें लिहिलें गेलें. तेथें माणसें समान असतात असें वर्णन केलेलें नाहीं. नाकारणार नाहीं असा निर्धार केलेला आहे. वर्णन खोटें ठरूं शकतें. निर्धार खोटा ठरत नाहीं, तो फक्त मोडला जातो. आणि जो मोडला जाऊं शकतो तो रोज सांभाळावा लागतो, मागावरच्या ताणासारखा.

न सांभाळल्यास काय होतें, तेंही त्याच पांचव्या गृहीतकांत सांगितलेलें आहे. वाचकांनीं त्याचे शब्द पुन्हां पाहावे. एका बाजूस बेरीज कमी भरली कीं रेषा त्या बाजूस मिळणार, म्हणजे एकमेकींवर आदळणार. आणि विरुद्ध बाजूस त्यांच्यांतील अंतर वाढत जाणार. एकीकडे टक्कर, दुसरीकडे दुरावा, आणि दोहोंचें मूळ एकच उणेपण. तें उणेपण किती असावें लागतें? दहा मीटर अंतरावर असलेल्या दोन रेषांपैकीं एकीचा आंतरकोन नव्वद अंश व दुसरीचा एकोणनव्वद अंश असला, तर त्या सुमारें ५७३ मीटरांवर मिळतील. फरक अंशाचा साठावा भाग, म्हणजे केवळ एक कला असला, तर टक्कर सुमारें चौतीस किलोमीटरांवर होईल. छेदाच्या ठिकाणीं उभ्या असलेल्या माणसास एका कलेचा फरक डोळ्यांनीं दिसावयाचा नाहीं. टक्कर पाहणाऱ्या माणसास तो फरक कोठें झाला हें कळावयाचें नाहीं. म्हणूनच दंगल उसळली कीं, काल तर सर्व ठीक होतें, असें सर्वजण म्हणतात.

भिवंडींत ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं दंगल उसळली. त्याच सुमारास जळगांव व महाड येथेंही दंगे झाले. या सर्वांची चौकशी न्यायमूर्ति डी. पी. मादन यांच्या आयोगानें केली. त्या चौकशींतून जें बाहेर आलें, तें एका दिवसाच्या दगडफेकीचें वर्णन नव्हतें. वर्षानुवर्षें सांचत गेलेल्या संशयाचा, मिरवणुकीच्या मार्गावरून व घोषणांवरून झालेल्या तंट्यांचा आणि दोन्हीकडील चिथावणीखोरांच्या कारवायांचा तो इतिहास होता. दंगलीनंतरच्या तपासांत व अटकांत पोलिसांकडून मुसलमानांविरुद्ध पक्षपात झाला, असाही स्पष्ट ठपका आयोगानें ठेवला. म्हणजे रेषा आदळल्या त्या वेळींच नव्हे, तर आदळल्यानंतर छेदिकेनें जे कोन केले तेही विषम होते. मे १९८४ मध्यें भिवंडी पुन्हां पेटली, व ती आग मुंबईपर्यंत गेली. येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. अमुक ठिकाणीं रेषा मिळतील असें भूमिति सांगते. मिळणें योग्य आहे असें सांगत नाहीं. अन्याय झाला म्हणून शेजाऱ्याचें घर जाळणाऱ्यास आमच्या ह्या विवेचनांत कोणताही आधार सांपडणार नाहीं.

आतां उलट बाजूचें उदाहरण पाहूं. तें ह्याच शहराचें आहे. १९८४ च्या दंगलीनंतर थोड्याच वर्षांनीं सुरेश खोपडे हे पोलिस उपायुक्त म्हणून भिवंडीस आले, आणि त्यांनीं मोहल्ला समित्यांचा उपक्रम चालविला. वस्तीवस्तींतून दोन्ही समाजांतील साधे लोक एका समितींत घ्यावयाचे, त्या भागांतील पोलिस शिपायास त्यांच्याबरोबर बसवावयाचें, आणि नळावरील भांडणापासून मिरवणुकीच्या वाटेपर्यंत सर्व किरकोळ गोष्टी तेथेंच बोलावयाच्या, असें त्याचें स्वरूप होतें. ६ डिसेंबर १९९२ नंतर व जानेवारी १९९३ मध्यें मुंबईंत जी कत्तल झाली, तींत नऊशें माणसें मेल्याचें न्यायमूर्ति श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालांत नमूद आहे. दंगलीचें गांव म्हणून ज्याची ख्याति होती तें भिवंडी मात्र त्या दिवसांत शांत राहिलें. मुंबई जळाली व भिवंडी कां जळाली नाहीं, ह्या प्रश्नावर खोपडे यांनीं पुढें पुस्तकही लिहिलें.

ह्या उपक्रमांत काय झालें, हें आपल्या आकृतीवरून पाहिलें तर बोध होतो. त्यानें कोणास एकरूप केलें नाहीं. मशीद मशिदीच्या जागीं व मंदिर मंदिराच्या जागीं राहिलें. रेषा समांतर होत्या तशाच राहिल्या. बदल झाला तो छेदिकांत. पूर्वीं दंगलीच्या दिवशीं एकच जाड छेदिका, लाठी व बंदूक घेऊन, वस्तींतून जात असे. आतां साध्या दिवसांच्या शेंकडों बारीक छेदिका निघाल्या, व प्रत्येकीपाशीं कोन मोजणारीं दोन्हीकडचीं माणसें बसलीं. एका कलेचा फरकही तेथल्या तेथें दिसूं लागला, आणि त्यास चौतीस किलोमीटर चालूं देण्याची वेळ आली नाहीं. ही व्यवस्था एकदां केली म्हणजे कायमची झाली असें मात्र नाहीं. जुलै २००६ मध्यें ह्याच शहरांत पोलिस ठाण्याच्या बांधकामावरून तंटा माजला; पोलिसांच्या गोळीबारांत दोन माणसें मेलीं, आणि जमावानें दोन पोलिस शिपायांस ठार मारलें. ताण सैल पडला कीं धागे गुंततात, ही विणकराची गोष्ट येथें पुन्हां आठवते.

यावर एक आक्षेप घेतां येईल. माणसें म्हणजे रेषा नव्हेत. सर्वांस एकच माप लावणें हाही कधीं कधीं अन्यायच असतो. मागाच्या मालकास व त्याच मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगारास एकाच अपराधाबद्दल पांचशें रुपये दंड केला, तर एकाचा खिसा हलका होतो आणि दुसऱ्याची चूल विझते. आक्षेप खरा आहे, पण तो कोनाच्या समानतेवर लागू पडत नाहीं. कोन हा कागदाच्या कडेपासून मोजावयाचा नसतो. छेदिका ज्या रेषेस भेटते त्या रेषेच्याच दिशेपासून मोजावयाचा असतो. प्रत्येकाच्या स्थितीच्या मानानें पडणारा भार सारखा असावा, एवढेंच समानतेचें मागणें आहे. रुपयांचा आंकडा सारखा असावा हें नव्हे. अमुक प्रसंगीं नेमकें काय मोजावें, हें भूमिति सांगत नाहीं. त्यासाठीं विवेक लागतो, व तो पुस्तकांतून उसना घेतां येत नाहीं. परंतु काय मोजावयाचें तें एकदां ठरल्यावर एकास एक आणि दुसऱ्यास दुसरें माप लावूं नये, इतकें ती निश्चित सांगते. आणि आपल्या व्यवहारांतील बहुतेक अन्याय विवेकाच्या सूक्ष्म अडचणींमुळें होत नसून ह्या दुहेरी मापामुळेंच होतात.

शेवटीं आमच्या वाचकांविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. पोलिस, न्यायालय व सरकार यांविषयीं वाचतांना सुशिक्षित मनुष्यास आपण प्रेक्षक आहों असें वाटतें. पण आपल्यापैकीं प्रत्येकजण दिवसांतून कैक वेळां छेदिका होत असतो. घर भाड्यानें देण्याची पाटी लावणारा गृहस्थ आडनांव ऐकून जागा भरल्याचें सांगतो, तेव्हां तो छेदिका असतो. वर्गांतील मागच्या बांकावरील मुलाची चूक आणि पुढच्या बांकावरील मुलाची चूक ह्यांस निरनिराळे शब्द वापरणारा शिक्षक छेदिका असतो. नोकरीचे अर्ज चाळणारा कारकून, रोग्यांस क्रमानें आंत बोलावणारा डॉक्टर, मोलकरणीस कोणत्या भांड्यांतून चहा द्यावा हें ठरविणारी गृहिणी, हीं सर्व छेदिकाच आहेत. ह्या प्रत्येक ठिकाणीं फरक एका कलेचाच असतो, व तेथें उभें असतां तो दिसत नाहीं. तो दिसावा म्हणून मुद्दाम कोन मोजण्याची संवय लावून घ्यावी लागते. आतां ह्याच्याशीं वागलों तसाच त्याच्याशीं वागलों असतों काय, हा प्रश्न मनाशीं विचारणें हीच ती संवय. त्या प्रश्नाचें उत्तर नेहमींच आपल्या बाजूचें येईल असें नाहीं. समाज एक होतील कीं न होतील, याचा निकाल क्षितिजावर लागावयाचा असेल तेव्हां लागो. आपल्या हातांत आलेला कोन मात्र आजच मोजतां येतो.